देवटेकच्या शिळेवरची आज्ञा

चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्येला, नागभीड तालुक्यात, देवटेक नावाचे लहानसे खेडे आहे. तिथल्या जुन्या पडक्या देवळापाशी एक लांबरुंद शिळा सापडली. तिच्यावर दोन लेख कोरलेले होते आणि त्या दोहोंमध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर होते. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७७ साली प्राचीन लेखांचा जो संग्रह छापला, त्यात या शिळेची नोंद आहे. पण तिचा अर्थ नीट लागला तो १९३५च्या सुमारास. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वासुदेव विष्णु मिराशी यांनी झिजलेली अक्षरे चिकाटीने जुळवली. शिळा पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या तोंडच्या अजब बंगल्यात, जाऊन विसावली.

दोहोंतला जुना लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत आहे. जेमतेम चार ओळी, त्याही अर्धवट. कुणी एक स्वामी आज्ञा करतो की मारू नये, बांधू नये. आणि जो ही आज्ञा मोडील त्याला शासन होईल. चिकंबरी या गावाचे नाव त्यात येते. देवटेकला लागून असलेले चिकमारा ते हेच, असे मिराशींनी दाखवले. मनाई प्राण्यांना मारण्या-पकडण्याविषयीच असली पाहिजे, हा निष्कर्षही त्यांचाच. वर्ष दिले आहे चौदावे. अक्षरांचे वळण गिरनारच्या अशोकलेखांशी जुळणारे. धर्ममहामात्र नावाचे अधिकारी आपण राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमले, असे अशोक पाचव्या शिलालेखात स्वतःच सांगतो. तेव्हा त्यांतल्याच कुणा अधिकाऱ्याने, इसवीसनापूर्वी २५५च्या आसपास, वैनगंगेच्या या मुलखात ही आज्ञा खोदवली, असे मिराशींचे मत आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आजच्या दोन जिल्ह्यांत माणसाने इतर जिवांशी कसे वागावे याविषयी याहून जुना लिखित शब्द मला तरी माहीत नाही. आणि तो शब्द हुकमाचा आहे. पुढचा सगळा इतिहास वाचताना ही गोष्ट मनातून जात नाही. विचार उदात्त, सांगणारा मोठा, पण सांगण्याची रीत दरबारी. ज्यांच्या रानात ही शिळा उभी राहिली त्यांना यावर काय म्हणायचे होते, ते तिच्यावर कुठेच नाही.

अशोकाची तळमळ खोटी नव्हती. पूर्वी आपल्या मुदपाकखान्यात रोज लाखो जीव मारले जात, आता तीनच मारतात, दोन मोर आणि एक हरीण, तेही नेमाने नव्हे, आणि पुढे हेही थांबेल, असे त्याने पहिल्याच शिलालेखात नोंदवून ठेवले. आपल्या ताटातले मांस जाहीरपणे मोजून दाखवणारा राजा विरळाच. शिकारीच्या यात्रा सोडून त्याने धर्मयात्रा सुरू केल्या. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, जिथे नव्हत्या तिथे दुसरीकडून आणवल्या. सव्विसाव्या वर्षी कोरलेल्या स्तंभलेखात तर अवध्य जिवांची यादीच आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघळे, राणीमुंगी, कासव, साळिंदर, खार, गेंडा, पारवे. यादीच्या शेवटी तो म्हणतो की जे चतुष्पाद उपयोगाला येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, ते सगळेच अवध्य. माझी नजर इथे अडते. ज्याचा राज्याला काडीचा उपयोग नाही त्यालाही अभय द्यायचे, हा विचार त्या काळच्या राज्यकारभाराच्या अगदी उलट दिशेचा होता.

त्या राज्यकारभाराची दिशा कौटिलीय अर्थशास्त्रात दिसते. ग्रंथाचे आजचे रूप काही शतकांत घडले असेल, पण रानाकडे पाहण्याची त्याची नजर मुरलेल्या कारभाऱ्याची आहे. द्रव्यवन वेगळे, हत्तीवन वेगळे, अभयवन वेगळे. रानमालाचा अधिकारी म्हणजे कुप्याध्यक्ष. त्याच्या कोठारातल्या कठीण लाकडांची यादी शाक, तिनिश, धन्वन, अर्जुन, मधूक अशी सुरू होते. म्हणजे साग, तिवस, धामण, अर्जुन आणि मोह. आलापल्लीच्या किंवा सिरोंच्याच्या रानात उभे राहून समोरची झाडे मोजत जावे तशी ही यादी आहे. मग बांबू, वेली, पाने, फुले, मुळ्या, विषे, कातडी, हाडे, शिंगे. काहीही सुटलेले नाही. हत्ती मारणाऱ्याला देहदंड, आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला सव्वाचार पण बक्षीस. हत्तीला इथे अभय मिळते ते तो लढाईत कामाला येतो म्हणून.

मौर्यांच्या एकाच राज्यात हे दोन्ही विचार नांदत होते. एकाने रानाला कोठार मानले, दुसऱ्याने रानातल्या जिवांना करुणेचा विषय केले. पण एका बाबतीत दोघांचे जमत होते. रानात राहणारा माणूस हा दोघांनाही बेभरवशाचा वाटे. अर्थशास्त्रात आटविक म्हणजे सोबत घ्यावेत किंवा दूर ठेवावेत असे धोक्याचे लोक. आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, कलिंगाच्या युद्धाबद्दलच्या त्या प्रसिद्ध पश्चात्तापाच्या मजकुरातच, अटवीतल्या लोकांना समजावणीचे आणि धाकाचे शब्द एका दमात येतात. देवांच्या प्रियाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्यापाशी बळ आहे, हे त्यांनी ओळखावे, लाज धरावी आणि मरण ओढवून घेऊ नये. राणीमुंगीला बिनशर्त अभय होते. आटविकाला मिळालेले अभय अटीचे होते.

रान उगाच जाळू नये, जीव मारण्यासाठी जाळू नये, असेही त्या सव्विसाव्या वर्षीच्या लेखात आहे. गडचिरोलीच्या माणसाला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळायला लागली की झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करायची, म्हणजे फुले वेचता येतात. तेंदूला नवी कोवळी पाने यावीत म्हणूनही झुडपे छाटतात, आग घालतात. भामरागडच्या डोंगरांत माडिया लोक पूर्वी रानाचा तुकडा तोडून, जाळून राखेत पेरणी करत. त्या शेतीला पेंडा म्हणत. या आगीला कारण होते, पोटाचे. उगाच जाळलेले कोणते आणि कारणाने जाळलेले कोणते, हे ठरवायचे कोणी? मौर्यांच्या काळी ते धर्ममहामात्राने ठरवले असणार. नंतरच्या काळात ते कोणी ठरवले, ते पुढे येईलच.

या भागातल्या बौद्ध भिक्खूंचा विचार मात्र आज्ञेच्या पलीकडे गेला होता. देवटेकपासून फार दूर नसलेल्या पवनीला १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले, तेव्हा मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा मोठा स्तूप उजेडात आला. तिथल्या कोरीव खांबांवर बुद्ध माणसाच्या रूपात नाही. तिथे बोधिवृक्ष आहे, आणि बुद्धावर फणा धरणारा नाग मुचलिंद आहे. ज्ञान झाले ते झाडाखाली आणि पावसात पाखर घातली ती नागाने, ही गोष्ट शिल्पकाराला बुद्धाच्या चेहऱ्यापेक्षा महत्त्वाची वाटली.

वर्षावासाची कथाही अशीच. पावसाळ्यात श्रमण गावोगाव हिंडतात आणि कोवळे गवत, बारीकसारीक जीव तुडवतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावरून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहावे असा नियम झाला, असे विनयपिटक सांगते. झाडे तोडू नयेत हा नियमही झाडांत जीव आहे असे मानणाऱ्या लोकांच्या नाराजीतून आला. म्हणजे इथे विचार वरून खाली आला नाही. लोक आधीपासून झाडाला जिवंत मानत होते आणि संघाने त्यांच्याकडून तो धडा घेतला. जैनांनी तर हाच धागा टोकापर्यंत नेला. माती, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती या पाचांतही एकेंद्रिय जीव आहेत, असे त्यांचे तत्त्वज्ञान सांगते.

नागार्जुनाचे नाव विदर्भाशी जोडले जाते ते तिबेटी परंपरेमुळे. ती त्याला विदर्भातला ब्राह्मण म्हणते. सातव्या शतकात ह्युएन त्संग दक्षिण कोसलात आला तेव्हा तिथल्या सातवाहन राजाने नागार्जुनासाठी डोंगर कोरून विहार बांधल्याची कथा त्याने लिहून ठेवली. या कोसलाची राजधानी कुठली, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. कुणी चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, बोट दाखवले, कुणी भांदककडे, कुणी वैरागडकडे. पुढे बहुतेकांनी ती छत्तीसगडात धरली. भांदकच्या, म्हणजे भद्रावतीच्या, विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आजही आहेत, त्यामुळे स्थानिक माणसाला हा वाद मिटल्यासारखा वाटत नाही.

नागार्जुन इथे राहिला की नाही यापेक्षा त्याने राजाला काय सांगितले हे मोलाचे. एका राजाला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या रत्नावलीत धर्मशाळा बांधाव्यात, पाणपोया घालाव्यात, आजारी-अनाथांना सांभाळावे, हे सगळे आहेच. त्यातच तो सांगतो की मुंग्यांच्या वारुळाच्या तोंडाशी धान्य, गूळ-साखर आणि पाणी रोज ठेवले जावे आणि त्यासाठी भरवशाची माणसे नेमावीत. कोणतीच वस्तू स्वतःच्या बळावर उभी नसते, दुसऱ्याच्या आधारानेच असते, हे दार्शनिक तर्काने सिद्ध करणारा माणूस मुंगीच्या दाण्याची तजवीज राजाच्या कामांत घालतो. त्याच्या तत्त्वज्ञानावर शेकडो पाने लिहिली गेली. या मुंग्यांवर कुणी फारसे लिहिले नाही, आणि मला तरी त्याच्या शून्यवादाचा सगळ्यात सरळ अर्थ तिथेच सापडतो.

आता पुन्हा शिळेकडे. चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या माणसांनी देवटेकची ती जुनी शिळा घेतली, अशोककालीन लेखाचा काही भाग छिन्नीने तासून काढला, आणि तिच्यावर चिक्कंबुरी इथल्या धर्मस्थानाचा, म्हणजे देवळाचा, लेख कोरला. रुद्रसेन महाभैरवाचा भक्त होता हे वाकाटकांच्या ताम्रपटांतून कळते. जिवांना मारू नका या आज्ञेचे त्याला सोयरसुतक नसावे. दगड चांगला होता, तयार होता, वापरला गेला. साडेपाचशे-सहाशे वर्षांत ती आज्ञा कुणाचीच राहिली नव्हती. देणारे राज्य संपले आणि तिच्यामागचे बळही संपले. स्थानिकांनी ती आपली मानली असती तर तिच्यावर छिन्नी चालवताना कुणी तरी हात धरला असता, असे मला वाटते.

मग या रानातल्या माणसांचा स्वतःचा विचार काय होता? तो दगडावर नाही, गाण्यात आहे. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने परधान गायकांकडून गोंडांचा आद्य गुरू लिंगो याची दीर्घ कथा उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात वाहून गेला; त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. एकोणिसाव्या शतकात लिहिलेली ही कथा अशोकाच्या शेजारी बसवून तितकीच जुनी म्हणणे बरोबर होणार नाही. पण तिच्यात जी समज आहे ती एका पिढीत तयार होणारी नव्हे.

त्या कथेत गोंडांचे भाऊ पुराच्या नदीकाठी अडकतात. मगर आणि कासव दोघेही पाठीवर बसवून पार नेण्याची तयारी दाखवतात. मगर अर्ध्या वाटेत त्यांना बुडवू पाहते, कासव वाचवते, आणि भाऊ कासवाला न मारण्याचा शब्द देतात. अशोकाच्या यादीतही कासव आहे. तिथे ते अवध्य आहे कारण राजाने तसे ठरवले. इथे ते अवध्य आहे कारण आपण त्याचे ऋणी आहोत. ऋण शब्दाने बांधलेले आहे आणि तो शब्द आपल्याच पूर्वजाने दिलेला आहे. त्यासाठी धर्ममहामात्र लागत नाही.

हीच समज गोंडांच्या कुळरचनेत आहे. चार, पाच, सहा, सात देवांचे सगे, त्यांच्यातली कुळे, आणि कुळागणिक एखादा प्राणी, पक्षी किंवा झाड, जे त्या कुळाने मारायचे-तोडायचे नाही. गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगोच्या कोयापुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, मांडणी करताना हिशेब दिला आहे: साडेसातशे गोत्रे, दर गोत्राकडे एक पशू, एक पक्षी, एक झाड. हा आकडा परंपरेचा आहे. त्याची शहानिशा करण्यापेक्षा त्यामागची योजना पाहावी. माझ्या कुळाला जे वर्ज्य ते शेजारच्या कुळाला चालते, आणि त्याला वर्ज्य ते मला. सगळ्यांनी सगळे सोडायचे नाही, पण प्रत्येकाने काहीतरी सोडायचेच. संपूर्ण अहिंसा यात नाही. गोंड आणि माडिया शिकार करत आले, कोंबडे-बकरे देवाला देत आले. आणि तरीही घ्यायला मर्यादा आहे. गडचिरोलीत पंडुम हा सण होईपर्यंत नवा आंबा, नवा मोह, नवे धान्य कुणी तोंडात घालत नाही. आधी गावाच्या देवाला, मग माणसांना. तोवर फळ झाडावर पिकते, बी धरते.

वाघाचेही तसेच. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्याचे ठाणे आहे तो तारू गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. पौषात तिथे यात्रा भरे. वाघाने माणूस मारला म्हणून वाघांचा नायनाट करावा, असे ही कथा सांगत नाही, आणि वाघ पवित्र म्हणून त्याच्यापुढे मान द्यावी असेही नाही. माणूस लढतो, मरतो, आणि त्या मरणाची जागा दोघांच्या मधली हद्द होऊन बसते.

हे चित्र फार गोड रंगवायलाही नको. चांद्याचे गोंड राजे स्वतः रान तोडवून घेणारे होते. जो जंगल साफ करील त्याला जमीन, जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असे धोरण त्यांनी चालवल्याचे जुन्या नोंदींत आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि त्यांखालची धानशेती यामागे अशाच धोरणाची आणि कोहळी समाजाच्या पाणीज्ञानाची पुण्याई आहे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले, १८५४ मध्ये इंग्रजांनी. चारच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. मग वनखाते आले, १८७८चा कायदा आला, राखीव जंगल आले. आहेरी-आलापल्लीचा साग बल्लारपूरच्या डेपोतून देशभर जाऊ लागला. कुप्याध्यक्ष नव्या गणवेशात परत आला होता. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले आणि अभयवनही परत आले. दोन्ही वेळा गावकऱ्याला विचारले गेले नाही. तो पुन्हा आटविक ठरला. आज चंद्रपुरात मोह वेचायला पहाटे रानात गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात मरते, तेव्हा वाघ वाचवण्याच्या हुकमाची किंमत कोण मोजते हा प्रश्न त्या घराला विचारावा लागत नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या जुन्या मांडणीला उत्तर दिले. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल, यांनी अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने नको, सर्वसहमतीने, असा नेम ठेवला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याच्या परवान्यावरून अडवणूक चालूच राहिली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्ता हा या भागातला हातात रोख पैसे देणारा मोठा हंगाम. पाचगावच्या ग्रामसभेने बसून हिशेब केला. पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, आग घालावी लागते, तेंदूची फळे हातची जातात, आणि ती फळे पोरे खातात, पाखरे खातात. गावाने तेंदूपत्ता तोडणे बंद केले आणि बांबूवर भर दिला. आणि हक्काच्या जंगलातला ३४ हेक्टरांचा तुकडा देवाच्या नावाने राखून ठेवला. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरवले.